अनड्राफ्टेड खेळाडूचा एनएफएल करार : कागदावर २९ लाख, कॅम्पमध्ये फक्त भत्ता

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या २०२५ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) कोणीच न निवडल्याने अनड्राफ्टेड म्हणून ज्यांनी सह्या केल्या, त्यांच्या नावापुढे बातम्यांत एकच आकडा दिसायचा : तीन वर्षं, २९ लाख ६५ हजार डॉलर. वर थोडाफार बोनस. आकडा खरा आहे, पण जुलै-ऑगस्टच्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये त्यातला एक डॉलरही सुटत नाही. कॅम्पमध्ये मिळतो तो भत्ता, आणि तो या २९ लाखांत धरलेला नसतो.

हे परीक्षण त्या छापील कराराचं. एनएफएल आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला सध्याचा सामूहिक करार २०२० सालचा आहे आणि तो २०३० च्या सीझनपर्यंत चालेल. अनड्राफ्टेड खेळाडूचा करार त्यातूनच जसाच्या तसा येतो. मुदत तीन वर्षं, पगार किमान. यात घासाघिशीला जागा नाही. जागा आहे ती दोनच ठिकाणी : सायनिंग बोनस आणि गॅरंटी. म्हणून तारेही वेगवेगळे द्यावे लागतात. कॅम्पमधल्या कमाईला पाचपैकी एक. दुखापतीच्या संरक्षणाला तीन, तेही कागदपत्रं सांभाळली तर. सीझनच्या पहिल्या रविवारी क्लबच्या ५३ जणांच्या मुख्य यादीत नाव असेल त्याच्यासाठी साडेचार.

आधी ते २९ लाख कुठून आले ते पाहू. शून्य क्रेडिटेड सीझन (खात्यावर जमा धरलेला सीझन) असलेल्या खेळाडूचा किमान पगार २०२५ साठी ८ लाख ४० हजार. एक सीझन जमा असलेल्याचा २०२६ साठी १० लाख ५ हजार, दोन जमा असलेल्याचा २०२७ साठी ११ लाख २० हजार. बेरीज २९ लाख ६५ हजार. हे किमान पगार दरवर्षी ४५ हजारांनी चढतात, त्यामुळे २०२६ मध्ये सही करणाऱ्याची बेरीज ३१ लाख होते. त्याने वाटाघाटीत काही जास्त मिळवलं असं नव्हे, पुढच्या वर्षाचा तक्ता लागू झाला इतकंच.

आता कॅम्पमध्ये पगार का नाही? उत्तर छापील कराराच्या पाचव्या कलमात आहे. एजंट आणि क्लबचे लोक मूळ पगाराला ‘पॅराग्राफ फाइव्ह’ म्हणतात तो याच कलमामुळे. या कलमातला वार्षिक पगार रेग्युलर सीझनच्या आठवड्यांत वाटला जातो. १७ सामने आणि एक सुट्टीचा आठवडा धरून १८ आठवडे. २०२५ च्या किमान पगाराचा एक आठवडा ४६,६६७ डॉलरच्या आसपास पडतो. पण हे मीटर पहिल्या आठवड्यात सुरू होतं. त्याच्या आदल्या दिवशी कट झालेल्या, म्हणजे क्लबने काढून टाकलेल्या, खेळाडूचा पगाराच्या रकान्यात भोपळा.

प्रीसीझनचे सामने खेळले तरी सामन्याचे वेगळे पैसे नाहीत. २०२१ पासून प्रत्येक क्लब असे तीन सामने खेळतो (हॉल ऑफ फेमचा सामना वाट्याला आला तर चार). तिकिटं विकली जातात, टीव्हीवर प्रक्षेपण होतं, तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरमध्ये मैदानावर बहुतेक अनड्राफ्टेड मुलंच असतात, आणि त्या रात्रीचा त्यांचा हिशेब आठवड्याच्या भत्त्यातच धरलेला असतो. या कराराबद्दल सगळ्यात खटकणारी गोष्ट कोणती, तर ही.

भत्त्याचं गणित साधं आहे. कॅम्पच्या पहिल्या दिवसापासून तो सुरू होतो आणि क्लबच्या पहिल्या रेग्युलर सामन्याच्या एक आठवडा आधी थांबतो. रूकीला (पहिल्या वर्षाच्या खेळाडूला) आठवड्याला हजार-दोन हजार डॉलरच्या घरात मिळतात. नेमका दर दरवर्षीच्या तक्त्यात ठरलेला असतो आणि अनुभवी खेळाडूंचा दर त्याहून बराच वरचा. इथे ड्राफ्टेड-अनड्राफ्टेड हा भेद नाही, पहिल्या फेरीतल्या रूकीलाही तोच भत्ता. फरक एवढाच, की त्याच्या बँकेत लाखो डॉलरचा बोनस आधीच येऊन पडलेला असतो. रूकींना अनुभवी खेळाडूंच्या आधी बोलावता येतं, त्यामुळे त्यांचे दोन-चार दिवस जास्त भरतात. पूर्ण कॅम्प टिकलेल्या मुलाच्या हातात सगळा भत्ता मिळून चार आकडी रक्कम, फार तर पाच आकड्यांच्या उंबरठ्यावर, आणि त्यातून कर जायचा असतो.

राहणं-जेवण क्लबच्या खर्चाने. पिट्सबर्ग स्टीलर्स लॅट्रोबच्या सेंट व्हिन्सेंट कॉलेजमध्ये कॅम्प लावतात, कॅन्सस सिटी चीफ्स सेंट जोसेफच्या मिझुरी वेस्टर्न विद्यापीठात. तिथे खेळाडू कॉलेजच्या वसतिगृहात राहतात. स्वतःच्याच सराव केंद्रावर कॅम्प भरवणारे क्लब हॉटेल देतात. जेवण उत्तम असतं आणि दिवसभर मिळतं, त्यामुळे त्या आठवड्यांत रोजचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो. भत्त्याला एक तारा दिला तरी राहण्या-खाण्याला चार द्यायला हरकत नाही. कट झाल्यावर घरी परतायच्या प्रवासाचा खर्चही क्लबवर असतो, तेही छापील कराराच्या पाचव्या कलमातच आहे. तिकीट स्वतः काढलंच तर पावती जपून ठेवावी.

मे-जूनमधल्या सरावाचा हिशेब वेगळा. त्या दिवसांना रोजचा भत्ता असतो, हजेरी लावली त्या दिवसांपुरता. याच टप्प्यात ‘ट्रायआउट’वर आलेली मुलंही दिसतात. रूकी मिनीकॅम्पला येतात, तोच सराव करतात, तसलीच जर्सी घालतात, पण त्यांच्याकडे करार नसतो. त्यांना जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च मिळतो, पगार किंवा बोनस नाही. अमुक क्लबने मुलाला बोलावलं, असं कोणी सांगितलं तर पहिला प्रश्न हाच विचारावा : करारावर की ट्रायआउटवर?

आता सायनिंग बोनस. ड्राफ्टची शेवटची निवड जाहीर होण्याआधीपासून एजंटांचे फोन वाजायला लागतात. ३२ क्लब, प्रत्येकाला कॅम्पसाठी ९० जणांची यादी भरायची असते, आणि क्लबच्या बोनसच्या पैशाला वरून झाकण आहे. एका क्लबने आपल्या सगळ्या अनड्राफ्टेड खेळाडूंना मिळून किती सायनिंग बोनस द्यायचा याची मर्यादा सामूहिक करारात घातलेली आहे. २०११ च्या करारात ती ७५ हजारांपासून सुरू झाली, अलीकडे ती दोन लाखांच्या आतबाहेर आहे. पंधरा-वीस मुलं घेणाऱ्या क्लबने ही रक्कम सारखी वाटली तर माणशी दहा-बारा हजार येतात. प्रत्यक्षात सारखी कोणी वाटत नाही. दोघा-तिघांना पंचवीस-तीस हजार जातात, बऱ्याच जणांना पाच हजार किंवा त्याहून कमी, काहींना काहीच नाही.

बोनसचा मोठा गुण असा, की एकदा मिळाला की मिळाला. जूनमध्ये कट केलं तरी क्लबला तो परत मागता येत नाही. अपवाद एक, आणि तो माहीत नसला तर महागात पडतो. खेळाडू आपण होऊन कॅम्प सोडून गेला तर क्लब त्याला ‘रिझर्व्ह/लेफ्ट स्क्वॉड’ किंवा ‘रिझर्व्ह/रिटायर्ड’ यादीत टाकू शकतो. मग बोनसचा न कमावलेला भाग क्लब परत मागू शकतो आणि दुसऱ्या कुठल्या क्लबकडे जायचा रस्ताही बंद होतो. आठवडा वाईट गेला, कोच नावाने हाक मारत नाही, तिसऱ्या फळीतही सराव मिळत नाही. तरी बॅग भरण्याआधी एजंटला फोन करावा. सोडून द्यायचं काम क्लबला करू द्यावं.

बोनसच्या आकड्यावरून क्लब निवडणं ही मात्र नेहमीची चूक. टोनी रोमो या अनड्राफ्टेड क्वार्टरबॅकला २००३ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोज जास्त बोनस देत होते. तो दहा हजारांवर डॅलस काउबॉइजकडे गेला, कारण तिथे क्वार्टरबॅकच्या जागेसाठी वाट मोकळी होती. हिशेब आजही तोच आहे. दहा आणि पंचवीस हजारांतला फरक १५ हजारांचा, तर रेग्युलर सीझनच्या एका आठवड्याचा पगार ४६ हजारांवर. आपल्या जागेवर क्लबकडे किती जण आहेत, त्यातल्या किती जणांच्या पगाराची गॅरंटी आहे, गेल्या तीन-चार वर्षांत या क्लबने किती अनड्राफ्टेड मुलं ५३ मध्ये ठेवली, ड्राफ्टच्या पाचव्या-सहाव्या फेरीत त्याच जागेसाठी कोणाला घेतलं : हे चार प्रश्न पंधरा हजारांपेक्षा मोलाचे आहेत.

गॅरंटी हा या करारातला सगळ्यात रंजक आणि सगळ्यात कमी समजलेला भाग. बोनसवर मर्यादा आहे, पण मूळ पगारातली ठरावीक रक्कम गॅरंटी केली तर ती त्या मर्यादेत मोजली जात नाही. ही फट क्लबांनी ओळखली आणि अनड्राफ्टेड बाजाराचं रूपच बदललं. २०२३ मध्ये अनेक करारांत २ लाख १६ हजारांची गॅरंटी दिसायला लागली, २०२४ मध्ये २ लाख २५ हजारांची. हे आकडे आले ते प्रॅक्टिस स्क्वॉडच्या (५३ बाहेरच्या, क्लबबरोबर सराव करणाऱ्या खेळाडूंच्या तुकडीच्या) पगारावरून. २०२३ मध्ये प्रॅक्टिस स्क्वॉडचा आठवडा १२ हजारांचा होता, २०२४ मध्ये साडेबारा हजारांचा. त्याला १८ ने गुणा. म्हणजे क्लब त्या मुलाला सांगतो, की ५३ मध्ये आला नाहीस तरी प्रॅक्टिस स्क्वॉडचं एक पूर्ण वर्ष तुझं. २०२५ चा आठवडा १३ हजारांचा, त्या हिशेबाने २ लाख ३४ हजार.

पण अशी गॅरंटी पाहून सही करण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, गॅरंटी कशाची? कौशल्य कमी पडलं म्हणून कट, दुखापतीमुळे कट, सॅलरी कॅपसाठी (क्लबच्या एकूण पगारखर्चाच्या मर्यादेसाठी) कट, ही तिन्ही कारणं वेगवेगळी लिहिली जातात. फक्त दुखापतीची गॅरंटी असेल तर ऑगस्टअखेर धडधाकट मुलाला कट करताना क्लबला काहीच द्यावं लागत नाही. दुसरी, ऑफसेट. ऑफसेटचं कलम असेल तर नंतर प्रॅक्टिस स्क्वॉडवर किंवा दुसऱ्या क्लबकडून जे कमावलं जाईल ते गॅरंटीतून वजा होतं. २ लाख २५ हजारांची गॅरंटी आणि प्रॅक्टिस स्क्वॉडवर पूर्ण वर्ष, असं झालं तर दोन्ही मिळून २ लाख २५ हजारच, साडेचार लाख नव्हेत. तिसरी गोष्ट कॅम्पच्या दृष्टीने महत्त्वाची : मूळ पगाराची गॅरंटी असली तरी तो पगारच, आणि पगार सीझनच्या आठवड्यांत येतो. गॅरंटी आहे म्हणून ऑगस्टच्या भाड्याची सोय होत नाही. ती सोय बोनसमधून करावी लागते.

कार्सन स्ट्राँगचं उदाहरण इथे बरोबर बसतं. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी या नेव्हाडाच्या क्वार्टरबॅकला ३ लाख २० हजारांची गॅरंटी दिली, त्यातले २० हजार सायनिंग बोनस आणि ३ लाख मूळ पगारातले. अनड्राफ्टेड खेळाडूसाठी हा मोठा आकडा होता. ऑगस्टअखेर तो कट झाला. तेव्हा मोठी गॅरंटी म्हणजे यादीत जागा पक्की, असं समजू नये. २०२५ ची सॅलरी कॅप २७ कोटी ९२ लाख होती. त्यात तीन लाख बुडाले तर जनरल मॅनेजरची झोप उडत नाही. दहा हजारांच्या बोनसवर आलेल्या मुलापेक्षा तीन लाखांवर आलेल्या मुलाला सराव सामन्यात जास्त स्नॅप (प्रत्यक्ष मैदानावर खेळायचे डाव) मिळतात हे खरं, कारण ज्याच्यावर पैसे लावले त्याला क्लब नीट पारखून घेतो. मोठ्या गॅरंटीचा खरा फायदा तिथे आहे.

क्लबला एवढी माणसं परवडतात कशी, याचंही उत्तर देऊन टाकू. रेग्युलर सीझन सुरू होईपर्यंत कॅपमध्ये सगळ्यात मोठे ५१ करारच पूर्ण मोजले जातात. अनड्राफ्टेड मुलाचा किमान पगार त्या ५१ मध्ये येत नाही. त्याच्या नावावर मोजला जातो तो बोनसचा एक तृतीयांश आणि जी असेल ती गॅरंटी. कॅम्पमधला बावन्नावा ते नव्वदावा माणूस क्लबला अत्यंत स्वस्त पडतो आणि म्हणूनच तो इतक्या सहज बदलला जातो. एखाद्या मंगळवारी लाइनबॅकरचा गुडघा मुरगळला, तर बुधवारी सकाळी नवा लाइनबॅकर येतो आणि त्याला जागा करून देण्यासाठी कोणीतरी पाचवा रिसीव्हर जातो.

अशा वेळी क्लब ज्या कलमाचा आधार घेतो ते अकरावं. कौशल्य किंवा कामगिरी इतर स्पर्धकांच्या तुलनेत असमाधानकारक आहे असं क्लबला वाटलं की करार संपवता येतो, आणि ते ठरवायचा अधिकार एकट्या क्लबचा. नोटीस पीरियड नाही. निरोप घेऊन येणाऱ्या कर्मचाऱ्याला कॅम्पमध्ये ‘टर्क’ म्हणतात. कोच बोलावतोय, प्लेबुक घेऊन ये, एवढंच तो सांगतो. आता प्लेबुकच्या जागी टॅब्लेट आला.

दुखापतीच्या बाबतीत हा करार लोक समजतात तितका वाईट नाही. नववं कलम सांगतं, की कराराचं काम करताना दुखापत झाली आणि ती लगेच क्लबच्या डॉक्टरला किंवा ट्रेनरला कळवली, तर उपचार क्लबचे आणि खेळता येत नाही तोवर त्या सीझनचा पगारही चालू. ‘लगेच’ या शब्दावर सगळं अडतं. मांडीचा स्नायू ताणला गेलाय, पण आत्ता सांगितलं तर यादीतून नाव जाईल, म्हणून मुलं चार दिवस लपवतात. पाचव्या दिवशी कट होतात. कागदावर दुखापतीची नोंद नसते आणि कट झाल्यावरच्या शेवटच्या तपासणीत ‘तब्येत ठीक’ या ओळीखाली त्यांचीच सही असते. त्यानंतर दावा उभा करणं अतिशय कठीण. त्यामुळे दुखलं की ट्रेनरच्या खोलीत जाऊन नोंद करायची, सराव सोडायचा नसला तरी. शेवटची तपासणी घाईत उरकू द्यायची नाही आणि जे दुखतं ते सगळं लिहून घ्यायचं.

जखमी रूकीला क्लब साधारणपणे ‘वेव्ह्ड/इंज्युअर्ड’ म्हणून सोडतो. दुसऱ्या कोणी उचललं नाही, आणि बहुधा कोणी उचलत नाही, तर तो त्याच क्लबच्या इंज्युअर्ड रिझर्व्हवर (जखमींच्या यादीवर) परत येतो. तिथे दोन वाटा फुटतात. एक, सीझनभर त्या यादीवर राहणं. अनड्राफ्टेड करारात बहुतेक वेळा ‘स्प्लिट’ असतं, म्हणजे इंज्युअर्ड रिझर्व्हवर पूर्ण किमान पगाराऐवजी त्याहून बराच कमी दर. कमी असला तरी प्रॅक्टिस स्क्वॉडच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा तो जास्त भरतो, ही या तक्त्याची एक गंमत. दुसरी वाट म्हणजे इंज्युरी सेटलमेंट : दुखापत बरी व्हायला जितके आठवडे लागतील असं ठरतं तितक्या आठवड्यांचा पगार घेऊन क्लबशी संबंध संपवायचा.

सेटलमेंटमध्ये भांडण आठवड्यांच्या संख्येवर होतं. क्लबचा डॉक्टर चार म्हणतो, खेळाडूचा डॉक्टर सात. सामूहिक करारात क्लबच्या खर्चाने दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा अधिकार आहे, आणि तो न वापरता सही करणारे तीन आठवड्यांचा पगार टेबलावर सोडून येतात. हेही लक्षात घ्यावं, की हे आठवडे रेग्युलर सीझनचे मोजायचे असतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झालेली पाच आठवड्यांची दुखापत सीझनच्या पहिल्या रविवारपर्यंत बरी होऊ शकते, मग सेटलमेंटमध्ये हाती काही लागत नाही. तीच दुखापत ऑगस्टअखेर झाली तर चार-पाच आठवड्यांचे पैसे होतात.

सेटलमेंट न घेता, जखमी असताना कट केलं म्हणून दाद मागायची असेल, तर करार संपल्याचं कळल्यापासून २५ दिवसांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. संघटनेचे वकील तो खटला चालवतात, तटस्थ डॉक्टर तपासतो, मग लवादासमोर सुनावणी. हे सगळं मोफत आणि बऱ्यापैकी न्याय्य आहे, पण २६ व्या दिवशी जाग आलेल्याला त्याचा उपयोग नाही. आणि ही सगळी छत्री क्लबच्या कामात झालेल्या दुखापतीपुरती. जूनच्या शेवटी कॅम्प सुरू व्हायच्या आधी घरच्या जिममध्ये खासगी ट्रेनरबरोबर अकिलीस (टाचेमागचा स्नायुरज्जू) तुटला, तर ती फुटबॉलबाह्य दुखापत. तिथे पगार द्यायचं बंधन क्लबवर नाही.

कट-डाउनचा दिवस. २०२३ पासून मधले टप्पे बंद झाले. आता ९० वरून थेट ५३, एका झटक्यात. २०२५ मध्ये तो २६ ऑगस्ट होता, पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी चारपर्यंत. चार अक्रूड सीझन (फ्री एजन्सीसाठी मोजले जाणारे सीझन) न भरलेला प्रत्येक खेळाडू वेव्हरवर जातो, म्हणजे अनड्राफ्टेड रूकी हमखास. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाकीचे ३१ क्लब त्याच्यावर दावा लावू शकतात, आणि आदल्या सीझनला सगळ्यात वाईट खेळलेल्याचा पहिला हक्क. कोणी दावा लावला तर उरलेला करार तसाच नव्या क्लबकडे जातो. यात खेळाडूला ‘नको’ म्हणायची सोय नाही.

दावा लागला नाही तर तो मोकळा, आणि बहुतेकांसाठी पुढचा दरवाजा प्रॅक्टिस स्क्वॉडचा. १६ जागा, २०२५ मध्ये आठवड्याला १३ हजार. हा करार आठवड्याचा आहे आणि क्लब कोणत्याही दिवशी तो संपवू शकतो. चांगली बाजू अशी, की सामन्याच्या दिवशी क्लब दोघांना तात्पुरतं वर घेऊ शकतो आणि त्या आठवड्याचे पैसे मुख्य यादीच्या किमान दराने मिळतात, १३ हजारांच्या जागी ४६ हजारांवर. एका सीझनमध्ये असं तीनदाच होतं. त्यानंतर क्लबला त्याला वापरायचं असेल तर ५३ मध्ये घ्यावंच लागतं. शिवाय प्रॅक्टिस स्क्वॉडवरचा खेळाडू दुसऱ्या कुठल्याही क्लबच्या ५३ मध्ये जाऊ शकतो, मूळ क्लबची परवानगी लागत नाही, आणि नव्या क्लबला किमान तीन आठवड्यांचे पैसे मोजावे लागतात. दुसऱ्या क्लबच्या नुसत्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर मात्र उडी मारता येत नाही, आधी सुटका व्हावी लागते.

खर्चाच्या बाजूला दोन-तीन गळत्या आहेत. कर राज्यागणिक बदलतो, आणि कॅम्प ज्या राज्यात तिथले दिवस तिथल्या खात्यात मोजले जातात. डॅलस काउबॉइज टेक्ससचे, जिथे राज्याचा आयकर नाही, पण कॅम्पचा मोठा भाग कॅलिफोर्नियाच्या ऑक्सनार्डमध्ये, जिथे तो भरपूर आहे. एजंटला जास्तीत जास्त तीन टक्के घेता येतात; बरेच जण त्याहून कमी घेतात, ते सहीआधीच ठरवावं. ड्राफ्टच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांचं ट्रेनिंग आणि राहणं एजंटने भरलं असेल तर तो खर्च कोणाचा, हेही लिहून घ्यावं. तोंडी राहिलेला हा विषय पहिल्या बोनसच्या वेळी वर येतो. वजन ठरल्यापेक्षा जास्त भरलं, मीटिंगला उशीर झाला, टॅब्लेट हरवला, तर दंड आहेत, आणि ते आठवड्याच्या भत्त्याच्या मानाने बोचतात. घर भाड्याने घ्यायची घाई तर मुळीच करू नये. वर्षाचा भाडेकरार ऑगस्टअखेरच्या आधी केला, तर कट झाल्यावर कोलंबसमधला मुलगा जॅक्सनव्हिलच्या रिकाम्या फ्लॅटचे हप्ते भरत बसतो.

ड्राफ्टच्या शेवटच्या, म्हणजे सातव्या फेरीतल्या करारापेक्षा हा बरा की वाईट? पैशाकडे पाहिलं तर सातवी फेरी पुढे. २०२२ मध्ये क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी अगदी शेवटचा, २६२ वा निवडला गेला आणि त्याला ७७,००८ डॉलर सायनिंग बोनस मिळाला. क्वचितच एखाद्या अनड्राफ्टेड मुलाचा बोनस तिथवर जातो. पण ड्राफ्टेड खेळाडू चार वर्षं बांधला जातो आणि तिसरा सीझन संपेपर्यंत त्याच्या करारात बदल करता येत नाही. पर्डीने दरम्यान संघाला सुपर बोलमध्ये नेलं तरी त्याचा मोठा करार २०२५ मध्येच झाला. अनड्राफ्टेड करार तीन वर्षांचा, दुसऱ्या सीझननंतर नव्याने बोलणी करता येतात, आणि तीन अक्रूड सीझन भरले असतील तर खेळाडू रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होतो, म्हणजे इतर क्लबांशी बोलू शकतो, पण मूळ क्लबला त्याला रोखायचा हक्क राहतो. क्लबने सगळ्यात स्वस्त टेंडर (एका वर्षाचा देकार) लावलं आणि दुसऱ्या क्लबने त्याला पळवलं, तर मूळ क्लबला भरपाई म्हणून ड्राफ्टची निवड मिळत नाही, कारण हा खेळाडू कुठल्याच फेरीत निवडलेला नव्हता. शिवाय क्लब आपण निवडायचा. म्हणून सातव्या फेरीच्या मध्यावर फोन वाजायला लागले, की काही एजंट आपल्या खेळाडूचं नाव ड्राफ्टमध्ये येऊच नये अशी मनोमन प्रार्थना करत असतात.

दोन क्लबांचे फोन एकाच वेळी आले आणि उत्तर द्यायला दहा मिनिटं असली, तर विचारायचं ते असं : बोनस किती आणि कधी मिळणार, गॅरंटी किती आणि कोणत्या कारणांसाठी, ऑफसेट आहे का, स्प्लिट कितीचं, आणि या जागेसाठी तुम्ही आज आणखी कोणाशी बोलताय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर क्लबचा माणूस टाळतो. त्याने टाळलं, तर दुसऱ्या फोनवरचा क्लब काय म्हणतो ते आधी ऐकून घ्यावं.